गंजलेलं नको, गंजणारं पाहिजे

थंडीत माझी बोटं पांढरी पडतात. पांढरी म्हणजे खडूसारखी. आधी टोकं, मग पेरं, मग अख्खं बोट. टाचणी टोचली तरी कळत नाही. अर्ध्या तासानं निळी होतात, मग लाल, आणि लाल होताना जी आग होते ती मी कुणाला समजावत बसत नाही. डॉक्टरांनी 'रेनॉड' असं काहीतरी नाव सांगितलं आणि म्हणाले, हात गरम ठेवा. मला बघायला आलेल्या एका बाईनं माझा हात हातात घेऊन विचारलं होतं, "कोड तर नाही ना?" मी म्हणाले, "असतं तर काय झालं असतं?" बाई चहा अर्धा टाकून उठल्या. बरं झालं.

डिसेंबरच्या एका शनिवारी मोबाइलवर मेसेज आला. सरकारी टंकलेखकाच्या जागेसाठी माझी कौशल्य चाचणी पुढच्या रविवारी, लातूरला, सकाळी साडेआठला. मराठी टायपिंग, मिनिटाला तीस शब्द, वेळ दहा मिनिटं. लेखी परीक्षा मी पास झाले होते. दुपारी उन्हात बसले तर माझा वेग अडतीस आहे. पण मागच्या वर्षी दुसऱ्या एका खात्याची चाचणी अशीच जानेवारीत सकाळी झाली आणि मी चोवीसवर अडकले. बोटं कीबोर्डच्या कुठल्या कळीवर आहेत तेच कळत नव्हतं. या जागांची जाहिरात सहा वर्षांनी निघाली होती. पुढची कधी निघेल ते काढणाऱ्यांनाही माहीत नाही.

मी लातूरला शिल्पाबरोबर खोली घेऊन राहते. शिल्पा हदगावची, इथं एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. तिचा भाऊ आनंदराज फौजेत आहे, लडाखकडं. त्यानं दिवाळीला येताना चार पुड्या आणल्या होत्या. चहाच्या पुडीसारखी कापडी पिशवी, आत काळी भुकटी. वरचं प्लास्टिक फाडायचं, हलवायची, पाच-दहा मिनिटांत गरम. सहा-आठ तास टिकते आणि मग फेकून द्यायची. मी दोन वापरून सकाळी सहाला टायपिंग केलं. छत्तीस.

मग आम्ही मूर्खासारखी तिसरी अशीच, गंमत म्हणून वापरली. चौथी उरली. ऑनलाइन मागवायला गेले तर आमच्या पिनकोडला बारा दिवस.

"आपणच करू," शिल्पा म्हणाली आणि चौथी पुडी कात्रीनं कापली.

"अगं एकच होती ती!"

"एकीनं दोन हात गरम होणार हैत का तुझे? बस खाली, बघ."

तिनं ताटलीत भुकटी ओतली आणि चुंबक फिरवला. निम्म्याहून जास्त चुंबकाला चिकटली. "लोखंड. बारीक, पिठासारखं. हे हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गंजतं. गंजताना गरमी सोडतं. एवढंच हाय. बाकी सगळे मदतनीस. मीठ आणि पाणी गंजायची घाई करतात. कोळसा हवा-पाणी धरून ठेवतो. भुसा गरमी पळू देत न्हाई. वरचं प्लास्टिक फाडलं की हवा लागते, हवा लागली की सुरू."

"म्हणजे आग नाही?"

"आगीची थोरली बहीण. सावकाश चालणारी."

मला हसू आलं, कारण माझे वडील, महेबूब, नांदेडला देगलूर नाक्याजवळ लेथ मशीनवर काम करतात. चाळीस वर्षं लोखंडाचा भुगा पाडणं हाच धंदा. मी लगेच फोन लावला.

"अब्बा, लोखंडाचा बारीक भुगा पाहिजे. एकदम बारीक. हाताला गरमी द्यायची पुडी करायची आहे."

"लोखंड काय गरमी देणार बेटा? चुलीवर ठेवणार का?"

"जंग लागल्यावर गरमी येते त्यातून. जंगाची गरमी असते ती."

आमच्याकडं गंजाला जंग म्हणतात. अब्बांनी पुन्हा विचारलं.

"जंग पाहिजे?"

"हो अब्बा. जंग."

"जिंदगी गेली माझी जंग हटवण्यात," ते म्हणाले. "आता माझी पोरगी जंग मागायली. देतो. एक नंबर देतो."

अब्बांचा स्वभाव मला माहीत आहे. ते कुठलंच काम अर्धं करत नाहीत. मशीनला रोज संध्याकाळी तेलाचा हात, एकेक पाना पुसून जागेवर. मालक वैजनाथकाका म्हणतात, महेबूबभाईच्या मशीनवर जेवायला बसलं तरी चालतं. म्हणून मी निवांत झाले. शिल्पानं खराब झालेल्या पाण्याच्या फिल्टरमधला कार्बन काढून कुटला, आरा मशीनवरून भुसा आणून चाळला. साडीच्या दुकानात मिळते ती कापडासारखी पिशवी कापून मी छोट्या थैल्या शिवल्या. त्या कापडातून हवा जाते, भुकटी गळत नाही.

गुरुवारी दुपारी नांदेडच्या एसटीच्या ड्रायव्हरकडून डबा आला. वाटेतल्या लोहा गावावरूनच येते ती गाडी. शिल्पा म्हणाली, "लोह्यावरून लोखंड आलं बघ." मी डबा उघडला.

आत लाल भुकटी. विटेच्या रंगाची, एकसारखी, कुंकवासारखी चाळलेली. चुंबक फिरवला. चिमूटभर चिकटली, बाकी डब्यात पडून राहिली.

"हे गंजलेलं हाय," शिल्पा म्हणाली.

मी फोन लावला. अब्बा खुशीत होते. "पोचला का? कसाय माल?"

"अब्बा, हे कसं केलंत?"

"बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा भुगा घेतला, बेटा. बीड सुकं कातलं की पीठच पडतं त्याचं, तेल लागत नाही. मग मिठाचं पाणी मारून पत्र्यावर पसरला. तीन दिवस. दर दोन तासाला हात फिरवत होतो, एक कण काळा राहू दिला नाही. वैजनाथ म्हणत होता, महेबूबभाई, पागल झालात का. अन् एक गंमत सांगतो, पहिल्या दिवशी पत्रा असा कोमट झाला होता! मला वाटलं उन्हानं."

मी डोळे मिटले. ती माझी गरमी होती. माझ्या बोटांची गरमी नांदेडला पत्र्यावर निघून गेली होती आणि आमच्या अब्बांना वाटलं ऊन पडलंय.

"अब्बा, हे नाही चालणार."

"का? तूच म्हणली ना जंग पाहिजे?"

"लागलेली नको अब्बा. लागणारी पाहिजे."

फोनवर मशीनचा आवाज येत राहिला. मग तो बंद झाला. अब्बांनी मशीन बंद केलं होतं.

"म्हणजे मी लाकूड मागितल्यावर राख पाठवली," ते म्हणाले.

"चूक माझी आहे. मी नीट सांगितलं नाही."

"चूक कुणाची ते मग बघू. आज गुरुवार. इतवारला सकाळी परीक्षा ना? जंगच्या आधीचं पाहिजे. ताजं. समजलं." त्यांनी फोन ठेवला.

मला स्वतःचाच राग आला. आपण शिकलेली माणसं शब्द असे फेकतो आणि ऐकणाऱ्यानं अर्थ काढायचा. त्या माणसानं तीन दिवस जीव लावून, दर दोन तासाला हात फिरवून माझं काम बिघडवलं होतं, कारण मी त्याला एक शब्द सांगितला आणि गरमी नेमकी केव्हा निघते ते सांगितलं नाही. कारागिराला कारण सांगायची आपल्याकडं पद्धतच नाही. माप सांगायचं आणि फोन ठेवायचा.

शुक्रवारी अब्बांनी बिडाची एक जुनी पुली लावून मुद्दाम बारीक कातली. भुगा दोनदा चाळला, कोरड्या बाटलीत भरला, बूच घट्ट लावलं आणि बुचाभोवती टेप गुंडाळला. या वेळी मी सगळं सांगितलं होतं. हवा का नको, पाणी का नको, हाताचा घामसुद्धा का नको. सगळं ऐकून ते म्हणाले, "हे आधी सांगितलं असतं तर मी तुला पुडीच करून पाठवली असती."

बाटली शनिवारी सकाळी आली. काळी-करडी, चकचकीत. चुंबक लावला तर बाटलीच उचलली गेली.

पहिल्या पुडीत पाणी जास्त झालं. नुसता चिखल, तासभर थंडगार. दुसरीत पाणी थेंबाथेंबानं घातलं, भुकटी मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोट लावलं तर फुटावा, एवढंच. हलवून ठेवली. दहा मिनिटांनी शिल्पानं गालाला लावली आणि किंचाळली. घरमालकीण काय झालं म्हणून वर आली. तिनंही गालाला लावली आणि गुडघ्यासाठी एक मागितली.

रविवारी पहाटे दोन पुड्या केल्या. शिल्पानं डॉक्टरचा कागद माझ्या हॉल तिकिटाला टाचला. "कुणी काही म्हणलं तर भांडू नको," ती म्हणाली. "समजावून सांग."

"आणि समजलं नाही तर?"

"मग भांड."

केंद्र म्हणजे एक कॉम्प्युटर संस्था होती. लोखंडी गेट, गेटवर रांग, नऊ डिग्री थंडी. मुलींना तपासायला केवळाबाई नावाच्या एक सिक्युरिटीवाल्या होत्या, पन्नाशीच्या, साडीवर खाकी स्वेटर. त्यांनी माझा स्कार्फ सरकवून कान बघितले. तो नियम सगळ्यांना होता, माझं काही म्हणणं नाही. मग स्वेटरच्या खिशात हात घातला आणि झटकन काढला.

"अगं माय! तापलंय हे!"

रांग मागं सरकली. मी पुड्या बाहेर काढल्या. "हात गरम ठेवायच्या पुड्या आहेत. डॉक्टरचा कागद आहे."

"आत काय हाय गं?"

"लोखंडाचा भुगा, मीठ, कोळसा, भुसा आणि पाणी."

मी खरं सांगितलं आणि तिथंच घोळ झाला. कोळसा, लोखंडाची भुकटी आणि आपोआप तापणारी पुडी, हे तीन शब्द एका दमात कुणाच्या तोंडून आले यावर सगळं अवलंबून असतं. केंद्रप्रमुख आले. तिशीचा माणूस, गळ्यात कार्ड, श्रीशैल असं नाव. त्यांनी हॉल तिकीट घेतलं आणि नाव वाचलं. मग पुडीकडं बघितलं. मग नाव पुन्हा वाचलं.

माझ्या पुढच्या मुलीच्या पाकिटात अंगाऱ्याची पुडी निघाली होती. ती कपाळाला लावून आत गेली. तिचं नाव कुणी वाचलं नाही. तिच्यावर माझा राग नाही. अंगारा कुणाला त्रास देत नाही. माझं लोखंडही देत नव्हतं.

"कुठून आणलंत हे?" श्रीशैल सरांनी विचारलं.

"नांदेडहून. वडिलांनी लेथवर कातलंय."

"वडिलांनी बनवलंय?" हे त्यांनी जरा मोठ्यानं विचारलं.

"भुगा वडिलांचा. पुडी मी शिवली."

"हे असं आत नेता येणार नाही."

"यादीत नाही ही." यादी गेटवरच लावली होती. मोबाइल, घड्याळ, कॅल्क्युलेटर, पाण्याची बाटली.

"यादीत सगळंच लिहिता येतं का, मॅडम? बाजूला थांबा."

त्यांनी एक प्लास्टिकची कॅरीबॅग मागवली, दोन बोटांनी पुड्या आत टाकल्या, गाठ मारली, गाठीवर गाठ मारली, आणि भिंतीला टांगलेल्या आग विझवायच्या वाळूच्या बादलीत ती कॅरीबॅग खुपसली. वरून मूठभर वाळू टाकली. मग वरिष्ठांना फोन लावत आत गेले.

मला बाकावर बसवलं. आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. मी हात काखेत घातले, तरी सवा आठला डाव्या करंगळीपासून सुरुवात झाली. पांढरं टोक, पांढरं पेर. रांगेतली एकेक मुलगी माझ्याकडं बघत आत जात होती. एकीनं दुसरीला काहीतरी विचारलं. "बारूद" एवढा शब्द मला ऐकू आला. मी तिच्याकडं बघत राहिले. तिनं मान खाली घातली.

आठ वीसला सर बाहेर आले. फोन कुणी उचलला नसावा, रविवार होता. त्यांनी बादलीतून कॅरीबॅग काढली, बाहेरून हात लावून बघितला. मग नीट दाबून बघितलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"थंड झालंय. विझलं. आता काही धोका नाही." त्यांनी पिशवी माझ्यापुढं धरली. "घ्या, ठेवा खिशात, आणि जा पटकन."

मी पिशवी घेतली. गप्प बसले असते तर आत गेले असते. पण पंधरा मिनिटं प्लास्टिकात हवा मिळाली नाही म्हणून पुडी थांबली होती, संपली नव्हती. गाठ सोडून हलवली की परत तापणार. आणि चाचणी चालू असताना कुणी ओरडलं, हिची पुडी पुन्हा तापली, तर मला उठवलं असतं. मग चोवीससुद्धा पडले नसते. शून्य पडलं असतं, वर पोलीस.

"विझली नाही सर," मी म्हणाले. "गुदमरलीय. हवा लागली की परत गरम होईल."

केवळाबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की पोरीला अक्कल आहे का नाही. सरांचा हात पुढं आला. "मग द्या इकडं. नेता येणार नाही."

"देते. तेवढं लिहून द्या. डॉक्टरचा कागद बघून पुडी नाकारली, असं लिहा. खाली सही आणि शिक्का."

"लिहून कशाला?"

"माझी बोटं बघा." मी दोन्ही हात त्यांच्या तोंडासमोर धरले. डाव्या हाताची तीन बोटं मेणाची झाली होती. "यांनी मी तीस शब्द टाइप करू शकत नाही. नापास झाले तर का झाले, ते कागदावर पाहिजे. तुमच्या नावानं."

आपल्याकडं माणूस बॉम्बला भीत नाही तेवढा सहीला भितो. सर घड्याळ बघायला लागले.

तेवढ्यात केवळाबाईंनी माझ्या हातातली कॅरीबॅग घेतली, दातानं गाठ तोडली आणि पुड्या काढून दोन्ही हातांत धरून चोळल्या. मिनिटभर चोळतच राहिल्या.

"सर, कोमट व्हायलंय बघा," त्या म्हणाल्या. "लई बरं वाटायलंय. मी पाचपासून उभी हाय हितं."

"बाई, खाली ठेवा ते!"

"का वो? गरम मिठाची पुरचुंडी शेकायला घेतो की आपण. तसलंच हाय हे."

सरांनी एक बोट पुढं केलं, पुडीला टेकवलं, काढलं, परत टेकवलं. "पण गरम कशानं होतंय हे?"

"लोखंड गंजतंय."

"गंजून कुणी गरम होतं का?" त्यांनी गेटकडं हात केला. खालची पट्टी गंजून पापुद्रे निघाले होते. "हे गेट पण गंजलंय आमचं. हे कुठं गरम आहे?"

प्रश्न चांगला होता. त्या सकाळी सरांनी पहिल्यांदा पुडीबद्दल विचारलं होतं, माझ्याबद्दल नाही.

"तेही गरम होतंय सर, पण दहा वर्षांत. थोडी थोडी गरमी येते, वाऱ्यावर जाते, कळत नाही. हवा फक्त वरच्या थराला लागते ना. याचं पीठ केलंय, म्हणून प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा लागते. वर मीठ-पाणी घाई करतं. दहा वर्षांचं काम पाच तासांत होतं. एकदा सगळं गंजलं की थंड. पेटत नाही, फुटत नाही. लाल माती होते नुसती."

ते पट्टीकडं बघत राहिले. मग आतून रजिस्टर आणलं आणि उभ्यानं लिहिलं: उमेदवाराकडे हात गरम ठेवण्याच्या दोन पुड्या आहेत, वैद्यकीय कागद पाहिला, पुड्या तपासल्या. मी म्हणाले, "'गरम होतात' हेही लिहा." त्यांनी लिहिलं. खाली माझी सही घेतली, मग बराच वेळ पेन धरून ठेवून स्वतःची केली.

आठ सत्तावीस. मी जिना पळत चढले. खुर्चीवर बसून दोन्ही मनगटांवर आतल्या बाजूनं, जिथं नाडी लागते तिथं, रुमालावरून पुड्या ठेवल्या आणि केसांच्या रबरानं बांधल्या. बोटांकडं जाणारं रक्त तिथून जातं. ते तापलं की बोटं तापतात. पण त्याला वेळ लागतो आणि वेळ तीन मिनिटं होता.

स्क्रीनवर उतारा आला. सुरू.

माझ्या कीबोर्डवर ओकाराची मात्रा डाव्या करंगळीखाली आहे. शेजारची दोन बोटं बधिर असली तरी हलत होती, करंगळी मेलेली होती. 'लोकांच्या' लिहायला गेले तर 'लकांच्या' उमटलं. 'कोणत्याही'चं 'कणत्याही'. करंगळी कळीवर पडत होती की शेजारी, मला कळत नव्हतं. मी मागं जाऊन दुरुस्त करायला लागले आणि वेळ गळायला लागला. दुसऱ्या मिनिटाला माझा वेग अठरा असेल. मागच्या वर्षी इथंच मी घाबरले होते. या वर्षी घाबरायला वेळ नव्हता. मी ठरवलं, ओकार सोडून द्यायचे, पुढं जायचं. सगळे लोक लक होऊ देत. नऊ बोटांनी हाणत सुटले.

चौथ्या मिनिटाला उजवा हात मोकळा झाला. पाचव्याला डाव्या मनगटातून काहीतरी मुंग्यांसारखं वर सरकलं. सहाव्याला करंगळी दुखली. दुखली म्हणजे आली. मी कळ दाबली आणि कळ दाबल्याचं मला कळलं. उतारा संपला तेव्हा दीड मिनिट उरलं होतं. मी वरपासून एकेक ओळ खाली येत ओकार भरत गेले. लकांना लोक केलं, कणत्याहीला कोणत्याही केलं, काही तसेच राहिले. शेवटून तिसऱ्या ओळीवर स्क्रीन गोठला.

आकडा यायला थोडा वेळ लागला. चुका वजा करून मिनिटाला एकतीस. खाली हिरव्या अक्षरांत: पात्र.

बोटं लाल झाली होती आणि जी आग होते ती सुरू झाली होती. पुढच्या बॅचची मुलगी खुर्चीमागं येऊन उभी राहिली.

"ताई, उठता का?"

"थांब जरा," मी म्हणाले आणि आकडा पुन्हा एकदा वाचला.